नावाचे मोल

बेंगळुरूच्या लालबागेत वृक्षांच्या खोडांवर नावांच्या पाट्या लावलेल्या आहेत. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेल्या या बागेत येणारे बहुतेक जण फुले पाहतात. पाट्यांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. नाव ठाऊक नसले म्हणून वृक्ष फुलायचा थांबत नाही, मग नावाची एवढी मातब्बरी कशाला, असे कोणी विचारील. माझ्या मते मात्र नावावर वृक्षाचे आयुष्यही अवलंबून असू शकते.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात कत्तलेकान, म्हणजे 'काळोखे रान', नावाचे अरण्य आहे. तेथील रानजायफळाच्या दलदलीत वाढणारा एक वृक्ष शास्त्राला अज्ञात होता. दासप्पा व स्वामिनाथ यांनी २००० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला 'सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस' हे नाव दिले. आपल्या परिचयाचा बिब्बा याच प्रजातीतला. परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत. 'सेमेकार्पस' या नावाचा अर्थही खुणेचे फळ असाच आहे. आंबा व काजू हे त्याच कुलातले. वृक्षाचे भाऊबंद कळले की त्याचे गुणधर्म जाणून घेण्याची वाट सापडते.

वृक्षाला शास्त्रीय नाव देणे बारशाइतके सोपे नसते. फुले-फळे हाती आल्याखेरीज निर्णय करणे कठीण. आणि उंच वृक्ष वर्षातून थोडेच दिवस फुलतो. मग वाळवून जपलेल्या जुन्या नमुन्यांशी तुलना करावी लागते व एक नमुना वनस्पतिसंग्रहात कायमचा ठेवावा लागतो. २०११ अखेरपर्यंत वर्णन लॅटिन भाषेत लिहिणेही बंधनकारक होते. बेंगळुरूच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातील फादर सेसिल साल्ढाणा यांनी १९७६ मध्ये हासन जिल्ह्यातील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. असे ग्रंथ हाताशी असतात, म्हणूनच नवे काय आणि जुने काय हे ठरवता येते.

यावर एक आक्षेप घेतला जातो. गावकरी ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, मग शोध तो कसला? आक्षेप रास्त आहे. गावकऱ्यांचे ज्ञान मोलाचेच आहे. परंतु सरकारदरबारी नोंद होते ती नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोष्टीची. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाची दलदल ग्रामस्थांनी देवराई म्हणून राखली. अभ्यासकांनी तिची ओळख पटवली आणि २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. श्रद्धेने राखलेल्या वनाला कायद्याचा आधार लाभला.

पश्चिम घाटातील अशा कित्येक दलदली भातशेती आणि सुपारीच्या बागांसाठी नाहीशा झाल्या. त्यांबरोबर कोणते अनाम वृक्ष गेले, हे आता सांगता येणार नाही. जे गेले त्याची मोजदादही करता येऊ नये, याहून मोठे नुकसान कोणते? म्हणून वर्गीकरणाचे काम करणाऱ्या अभ्यासकांना गावकऱ्यांच्या सोबतीने रानात जाण्याची संधी व साधने मिळाली पाहिजेत. हे काम कुऱ्हाड पोहोचण्यापूर्वी व्हायला हवे.