स्वतःची पारख करणारा रेडिओ-फिल्टर

भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. रेल्वेच्या रुळांसाठी हे गाव पुढे देशभर प्रसिद्ध झाले. आज तेथे 130 मीटर लांबीचे रूळ लाटले जातात आणि असे दोन रूळ सांधून 260 मीटरांचा सलग पट्टा तयार होतो. मोकळा ठेवलेला असा पट्टा 30 अंश सेल्सिअसने तापला, तर त्याची लांबी सुमारे 9 सेंटीमीटरांनी वाढते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हा शाळेत शिकविला जाणारा नियम रुळाच्या बाबतीत कोणी विसरत नाही. कारण तो विसरल्यास रूळ वाकतो आणि गाडी घसरते. तोच नियम बिनतारी यंत्राच्या पोटातील तांब्याच्या लहानशा वेटोळ्यालाही लागू आहे. तेथे मात्र तो सहज नजरेआड होतो.

बिनतारी संदेश ग्रहण करणाऱ्या यंत्राच्या आकाशकेवर एकाच वेळी असंख्य लहरी येऊन आदळतात. त्यांपैकी हव्या त्या वारंवारतेच्या लहरी आत घेणे व बाकीच्या अडविणे, हे काम फिल्टर नावाच्या भागाचे. तो एक प्रकारची गाळणीच होय. साध्या फिल्टरमध्ये तारेचे वेटोळे आणि विद्युत्‌भार साठविणारे धारित्र यांची जोडी असते. झोपाळ्याला जसा त्याचा स्वतःचा झोका असतो, तशी या जोडीलाही स्वतःची अशी एक वारंवारता असते. धारित्राचे मूल्य कमीअधिक करून ती हवी तेथे आणता येते. असा फिल्टर जुळवता येण्याजोगा ठरतो.

आता हिशेब पाहावा. समजा, एक फिल्टर 400 मेगाहर्ट्‌झवर जुळविला आहे आणि तापमान एका अंशाने वाढले की त्याच्या वेटोळ्याचे व धारित्राचे मूल्य प्रत्येकी दशलक्षास 50 भाग इतके वाढते. अशा फिल्टरची वारंवारता दर अंशामागे 20 किलोहर्ट्‌झने खाली घसरेल. विद्युत्‌-घटकांची मूल्ये उत्पादकांच्या पत्रकांत बहुधा 25 अंश तापमानाला धरून दिलेली असतात. भिलाईत मे महिन्यात सावलीतील पारा 40 अंशांच्या वर जातो. उन्हात ठेवलेल्या बंद पेटीच्या आत 60 अंश होणे अशक्य नाही. 25 वरून 60 म्हणजे 35 अंशांची वाढ, आणि 700 किलोहर्ट्‌झची घसरण! फिल्टरची वाट एक मेगाहर्ट्‌झ रुंद असेल आणि हवा असलेला संदेश तिच्या मध्यावर असेल, तर तो आता वाटेबाहेर पडला.

या घसरणीची किंमत केवळ गाण्यातील खरखर एवढीच नसते. आधुनिक पोलाद कारखान्यात अवजड याऱ्या बिनतारी आज्ञेने चालविता येतात. आज्ञा पोहोचेनाशी झाली की यारीने आपोआप थांबावे, अशी सुरक्षेची योजना असते. ती योग्यच आहे. परंतु सुमारे 1,600 अंशांचे वितळलेले पोलाद अधांतरी लटकत राहणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे. भट्टीजवळील कामगाराने दिलेला इशारा सहकाऱ्याच्या कानी न पडणे, ही तर त्याहून गंभीर गोष्ट होय.

या अडचणीवर पहिला उपाय साहित्याचा. शार्ल गियोम या शास्त्रज्ञाने 1896 साली इन्व्हार ही अत्यल्प प्रसरण पावणारी लोह-निकेल मिश्रधातू शोधली आणि 1920 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा उपाय म्हणजे उष्णतेने मूल्य घटणारे धारित्र वापरून वेटोळ्याच्या वाढीचा तोल सावरणे. तिसरा उपाय तापमापकाचा: अमुक अंशाला अमुक दुरुस्ती, असे कोष्टक यंत्राच्या स्मृतीत भरून ठेवावयाचे. हे तिन्ही उपाय उपयुक्त आहेत. पण तिन्हींत एक उणीव आहे. ते अंदाजावर चालतात. घटक जुने होतात, सांधे ढिले पडतात, दमट हवा आत शिरते. पहिल्या दिवशी केलेले कोष्टक पाचव्या वर्षी खरे राहीलच असे नाही.

स्वतःची पारख करणारा फिल्टर निराळ्या रीतीने वागतो. तो तापमान विचारीत नाही. स्वतःची वारंवारताच मोजतो. एका पद्धतीत फिल्टरला क्षणभर आंदोलक बनवितात, त्याची कंपने क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांशी ताडून मोजतात, चूक दिसल्यास धारित्राचा दाब बदलून ती सुधारतात आणि पुन्हा त्याला फिल्टरच्या कामाला लावतात. दुसऱ्या पद्धतीत त्याच चकतीवर त्याचा एक जुळा भाऊ ठेवतात. हा जुळा सतत स्फटिकाशी मेळ राखतो आणि त्याला मिळणारी दुरुस्ती मुख्य फिल्टरलाही मिळते. उष्णतेने असो वा वार्धक्याने, चूक कशानेही झालेली असली तरी ती पकडली जाते.

हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे असल्यास पुणे जिल्ह्यातील खोडद येथे जावे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. निरीक्षण चालू असताना अधूनमधून त्या ज्ञात तेजस्वितेच्या व ज्ञात स्थानाच्या आकाशस्थ रेडिओ-स्रोतांकडे वळवितात आणि ग्राहकयंत्रांत पडलेला फरक त्यावरून काढून टाकतात. कोट्यवधी रुपयांचे यंत्रही स्वतःवर आंधळा विश्वास ठेवीत नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. पारख चालू असताना संदेश क्षणभर थांबतो. जुळे भाऊ कधीच तंतोतंत सारखे नसतात. क्वार्ट्‌झही तापमानाने किंचित ढळतो. खर्च वाढतो, तो निराळाच. घरगुती रेडिओसाठी हा खटाटोप अनाठायी ठरेल. परंतु जेथे संदेशावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तेथे हा खर्च चैनीचा मानणे चुकीचे होय.

म्हणून दोन गोष्टी व्हावयास हव्यात. बिनतारी यंत्रे विकत घेणाऱ्या संस्थांनी केवळ 25 अंशांवरचा आकडा न पाहता, यंत्र जेथे बसवावयाचे तेथील थंडीपासून कडक उन्हाळ्यापर्यंतची घसरण लेखी मागावी. तसेच तंत्रशाळांतून फिल्टर तापवून त्याची घसरण मोजण्याचा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून करवून घ्यावा. भिलाईत 2016 साली भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आहे. तेथील उन्हाळा हीच अशा प्रयोगाची आयती प्रयोगशाळा होय. समशीतोष्ण देशांत ठरलेले आकडे उष्ण देशाने जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही. यंत्र किती अचूक आहे, या प्रश्नाआधी त्याला आपली चूक ओळखता येते काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.