आडनावापाशी पेन थांबतं तेव्हा

पाळी संपवून रात्री मी बायोडेटा लिहायला बसतो. हातावर गोणीचे वळ. बोटांत पेन नीट धरवत नाही. माझं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं. आडनावापाशी पेन थांबलं.

वस्तीतल्या क्लासचा मास्तर म्हणाला, "आडनाव कशाला लिवतोस? नुसतं आद्याक्षर टाक. मुलाखतीला तरी बोलावतील." मास्तर आपलाच माणूस. भल्यासाठीच बोलला. म्हणून तर जिव्हारी लागलं.

पांढरपेशे म्हणतात, आता कुठं राहिलीय जात? गुणवत्ता असली की नोकरी मिळते. बरं, मग हे ऐका. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाला बोलावणं येण्याची शक्यता १ धरली, तर दलित नावाची भरली ०.६७. मुसलमान नावाची ०.३३. २००७ साली हे छापून आलं. २००४ साली अमेरिकेतल्या बॉस्टन-शिकागोचा असाच हिशेब आला होता. गोऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणं, काळ्या नावाला पंधरांमागे एक.

म्हंजे तोंड बघितलं नाही, हात लागला नाही, सावली पडली नाही. कागदाचाच विटाळ झाला!

सरकारी नोकरीत घटनेचं सोळावं कलम आपल्या पाठीशी उभं आहे. खाजगी कंपनीच्या दारात राखीव जागा नाहीत. तिथं साहेब विचारतो, "घरचं बॅकग्राउंड काय?" अरे, माझ्या आज्यानं काय केलं यावर माझं हिशेबाचं गणित चुकणार आहे काय?

कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. त्यांच्यापेक्षा भारी बायोडेटा कुणाचा होता? तिथं शिपाई फायली लांबून टाकत आणि राहायला खोली मिळत नव्हती. तेव्हा नुसता बायोडेटा चांगला लिहिल्यानं जात मरत नाही, हे ध्यानात ठेवा.

तरी चांगलाच लिहायचा. ढिला लिहून त्यांना आयतं निमित्त द्यायचं नाही. एक पान, बास. धर्म, जात, मूळ गाव, बापाचा धंदा हे खाजगी अर्जात फुकट सांगायचं नाही. नोकरीला त्याची गरज नाही. जातीचा दाखला राखीव जागेसाठी. तिथं तो छाती काढून जोडायचा. 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' हे प्रत्येक जण लिहितो. आपण काम लिहायचं. मी दहावी पास, जुन्या भाषेत मॅट्रिक. गोदीत हमाल. पण टोळीची टॅली मी लिहितो. किती गोणी उतरल्या, किती फाटल्या, किती कमी भरल्या. मुकादमाचा हिशेब चुकला तर तो माझी वही मागतो. हे गोदामातल्या क्लार्कचं काम नाही तर काय? मग 'मजुरी' एवढंच लिहून मी का थांबू? ज्या जागेसाठी अर्ज, त्या जागेचं काम वर. बाकीचं खाली. खोटं एक अक्षर नाही. मुलाखतीत ते पहिलं पकडतात.

राहिलं आडनाव. घरात चूल पेटत नसेल आणि कुणी आद्याक्षर टाकलं, तर त्याला भेकड म्हणू नका. लाज त्याची नाही, चाळणी लावून बसलेल्याची आहे. पण आपण सगळेच लपलो, तर ती चाळणी कुणाला दिसणार? म्हणून प्रत्येक अर्जाची नक्कल ठेवा. तारीख टाका. उत्तर आलं का, लिहून ठेवा. वस्तीवस्तीतल्या नकला एकत्र करा. एकाची तक्रार रडगाणं ठरते, हजारांची फाईल पुरावा होते. तो पुरावा घेऊन खाजगी क्षेत्रात राखीव जागा मागू. भीक नव्हे, हिस्सा.

मी आडनाव लिहिलं. पुरं. ठळक. पोस्टाची पावती वहीत चिकटवली.

उद्या पहिली पाळी आहे.