देवाला आरोपी केलं की खरे आरोपी सुटतात

मोठी दुर्घटना घडली की आपल्याकडे दोन तासांत दोन गट पडतात. एक म्हणतो, देव असता तर लहान लेकरं अशी मेली असती का? दुसरा म्हणतो, त्याची इच्छा, त्याच्यापुढे कुणाचं चालतंय? दोघं एकमेकांचे हाडवैरी. पण नीट बघा, दोघांनीही पिंजऱ्यात उभं केलंय ते देवालाच. एक त्याला शिव्या देतो, दुसरा हात जोडतो. आणि ज्याने निकृष्ट काम केलं, ज्याने त्या कामाच्या बिलावर सही केली, तो मागच्या दाराने घरी जातो.

देव आहे की नाही, या वादात मला पडायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. देवाला समन्स बजावता येत नाही. म्हणूनच तो सगळ्यांना सोयीचा आरोपी वाटतो.

मांढरदेव आठवा. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा, काळूबाईची जत्रा. जवळपास तीनशे भाविक चेंगरून, होरपळून मेले. तेव्हा कितीतरी लोक विचारत होते की भक्त दारात मरत असताना देवी काय करत होती. प्रश्न झणझणीत आहे, टाळ्या मिळतात. पण वाट अरुंद होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. वाटेला खेटून दुकानं होती, त्यांना आग लागली, सिलिंडर फुटले. यातलं काळूबाईने काय केलं होतं? लाखांनी माणूस येणार हे दर वर्षी माहीत असायचं. वर जायला एक वाट आणि खाली यायला दुसरी, एवढं ठरवायला नवस लागत नाही.

तिवरे घ्या. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं हे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून जास्त माणसं गेली. धरण गळतंय म्हणून गावकरी आधीपासून सांगत होते. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी काय कारण दिलं? खेकडे. खेकड्यांनी धरण पोखरलं म्हणे! देव नाही तर खेकडा, पण माणूस नको. (खेकड्याची बाजू मांडायलाही कुणी वकील नसतो, हे लक्षात घ्या.)

हे आपल्याकडेच चालतं असं नाही. मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ ला तुटला, १३५ जीव गेले. देखभाल ज्या कंपनीकडे होती, तिच्या एका व्यवस्थापकाने कोर्टात ही देवाची इच्छा असल्याचं सांगितलं. त्याच कोर्टात सरकारी पक्ष सांगत होता की पुलाचं फ्लोअरिंग बदललं, केबल मात्र जुन्या गंजक्याच ठेवल्या. कोलकात्यात ३१ मार्च २०१६ ला बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला, तेव्हाही बांधणाऱ्या कंपनीच्या माणसाने हेच कारण पुढे केलं होतं. कंत्राटदार इतके भाविक असतात हे एरवी कळत नाही.

आता कुणी म्हणेल, पूल-धरणं ठीक आहेत, भूकंपाचं काय? तो तर कुणी कंत्राट घेऊन केला नाही. बरोबर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती बोळवून झोपलेले. हजारो माणसं झोपेतच गेली. जमीन का हलली याचा जाब देवाला विचारायचा तर खुशाल विचारा. पण ही माणसं मेली ती अंगावर घर पडल्यामुळे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जडशीळ माळवद. यात त्या लोकांचा दोष नव्हता. हाताशी जे होतं, परवडत होतं, त्यातच त्यांनी घरं बांधली. पण सरकारी नकाशात हा भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेला धरला होता. आणि आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते. म्हणजे इशारा मिळाला होता. तो कुणी किती मनावर घेतला, हा प्रश्न देवासाठी नाही.

देवाला मध्ये आणलं की भली माणसंही घसरतात. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली, की भौतिक संकटाची कारणं भौतिकच असतात. अस्पृश्यता पापच होती, पण म्हणून ढिगाऱ्याखाली दलितही का गाडले गेले? मला इथे टागोरांचं पटतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याने देवाला काहीही बोलावं. नामदेव विठ्ठलाशी भांडले, जनाबाईने त्याला खडसावलं. आपल्या मातीत हे चालतं. लेकरू गेलेल्या आईला ‘देव वगैरे काही नसतो’ किंवा ‘त्याची इच्छा’ हे ऐकवायला जाऊ नका, दोन्ही सारखंच निर्दयी आहे. माझा राग तिच्या बोलण्यावर नाही, तिचंच वाक्य उचलून प्रेस नोटमध्ये घालणाऱ्यावर आहे. आई म्हणते ‘देवाने नेलं’, साहेब लिहितात ‘नैसर्गिक आपत्ती’, मग चार लाखांच्या चेकचा फोटो येतो आणि फाईल बंद. हा फोटो मीही पेपरला पाठवतो, ते आमचं कामच आहे. पण त्या फोटोखाली ‘जबाबदार कोण’ हे छापायला जागा नसते, म्हणून इथे लिहितोय.

पावसाळा तोंडावर आहे. आपल्या तालुक्यातल्या पाझर तलावांची आणि जुन्या पुलांची शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली, अहवालावर सही कुणाची, एवढे तीन प्रश्न मी माहितीच्या अधिकारात विचारले आहेत. तुमच्या गावच्या तलावाच्या भिंतीतून पाणी झिरपत असेल तर फोटो आणि तारीख पाठवा, नाव छापणार नाही. उत्तर आलं की इथेच टाकतो. नाही आलं तर तेही टाकतो.