हात पोचत नाही तिथली सफाई

मैत्रिणींनो, मे महिना लागला की पापड-कुरडयांच्या जोडीला आम्हा अंबरनाथकरांच्या डोक्यावर आणखी एक काम असतं, ते म्हणजे छपराची सफाई. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याच्या आत पन्हळी मोकळ्या झाल्या नाहीत, तर पहिल्याच सरीला स्वयंपाकघरात पातेली मांडायची पाळी! उल्हासनगरच्या बराकी काय नि बदलापूरची जुनी घरं काय, जिथे पत्रे आहेत तिथे हीच कथा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मागच्या पन्हळीत शेजारच्या शेवग्याचा पाला साचला होता. "वहिनी, तुम्ही शिडी धरा, दोन मिनिटांचं काम," असं म्हणून भाऊजी सिमेंटच्या पत्र्यावर चढले. तिसऱ्याच पावलाला कडकन आवाज झाला. आत सासूबाई भाकरी थापत होत्या; वर पाहतात तो छपरातून पाय लोंबतोय! दुसरा पाय खालच्या वाशावर पडला म्हणून निभावलं, तरी मांडीला टाके पडलेच. तेव्हापासून आमच्या घरचा नियम ठरला: छप्पर साफ करायचं, पण छपरावर चढायचं नाही.

सिमेंटचा पत्रा पाऊस अडवतो, माणसाचं वजन पेलेलच असं नाही. जुना झाला की तो ठिसूळ होतो आणि बारीक तडे शेवाळाखाली दिसत नाहीत. कामाला आलेल्या मुलालाही "चढ रे वर" म्हणू नका. तोही कुणाचा तरी मुलगाच आहे.

मग हात पोचत नाही तिथे करायचं काय?

पन्हळीतला चिखल : लांब बांबूच्या टोकाला जुनी पळी काटकोनात घट्ट बांधा. शिडीवरूनच गाळ ओढून काढता येतो. दुसऱ्या काठीला लहान आरसा तिरका बांधला की मागचा कोपराही दिसतो.

पत्र्यावरचा पाला : खराटा बांबूला वाकडा बांधा आणि पाला वरून खाली ओढा.

तुंबलेला पाइप : दोरीला लहानसं वजन बांधून ती वरून खाली सोडा. मग वरच्या टोकाला चिंध्यांची गाठोडी बांधून दोरी खालून ओढा. गाठोडी सैलसर हवी, नाहीतर तीच अडकून बसेल. शेवटी बादलीभर पाणी ओतून पाहा.

शेवाळ : सिमेंटचा पत्रा तारेच्या ब्रशने घासू नका. जुन्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. घासल्यावर त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, श्वासातून आत जातात आणि पुढे फुप्फुसाचा कर्करोगही होऊ शकतो. पत्रा आधी पाण्याने भिजवा आणि पाला-माती हलक्या हाताने काढा. तुटका तुकडाही ओला करूनच उचला.

शिडी लावतानाही हिशेब आहे. बारा फूट उंचीवर टेकवायची असेल तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट पुढे हवा. खाली एकाने धरायलाच हवी. विजेच्या तारा जवळ असतील तर अ‍ॅल्युमिनियमची शिडी नको, ओला बांबूही नको. काम सकाळीच उरका. दुपारी पत्रा तव्यासारखा तापतो.

एकदा साफ केलं म्हणजे संपलं नाही, बरं का! पन्हळीत पाणी साचून राहिलं तर आठ-दहा दिवसांत त्यात डेंग्यूचे डास तयार होतात. म्हणून पावसाळ्यात दर रविवारी आरशाची काठी फिरवून पाहावी.

२६ जुलै २००५ चा पाऊस आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. उल्हास नदीला आवरणं आपल्या हाती नाही. आपली पन्हळ मात्र आहे. भाऊजी आता खाली उभे राहून बांबू चालवतात. सासूबाई मात्र अजूनही भाकरी थापताना एकदा वर पाहून घेतात!