डब्यावर चिठ्ठी लावा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख गोळा करणारा फॉर्म मी लिहिला होता. सत्तरीतल्या एका काकूंनी लेख पाठवला. संपादकांना दिसला तो डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग एक चलनाचं चिन्ह, मग काहीतरी भलतंच, आणि हेच पानभर. काकूंना वाटलं आपलंच टायपिंग चुकलं. त्यांनी अख्खा लेख पुन्हा टाइप केला. दोनदा!

चूक माझी होती. फॉर्ममधला मजकूर आणि फोटो एकत्र करून माझा प्रोग्रॅम मल्टिपार्ट ईमेल पाठवत होता. म्हणजे एका खोक्यात अनेक डबे, मध्ये सीमारेषा, आणि प्रत्येक डब्यावर स्वतःची चिठ्ठी: कंटेंट-टाइप. फोटोवर मी ती लावली, मजकुरावर नाही. म्हटलं, साधा मजकूर तर आहे.

पण १९९६ च्या आरएफसी २०४६ प्रमाणे चिठ्ठी नसलेला भाग सहसा साधा मजकूर आणि यूएस-आस्की धरायचा. आस्कीत १२८ चिन्हं, त्यात देवनागरी एकही नाही. मग पलीकडचा प्रोग्रॅम अंदाज बांधतो. माझ्या लॅपटॉपने यूटीएफ-८ ओळखलं, संपादकांच्या संगणकाने जुनी पश्चिम युरोपीय लिपी मानली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात; पहिला कायम तोच, दुसरा दोनांपैकी एक. म्हणून तो कचरा इतका एकसुरी दिसतो.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा घोळ जवळजवळ कधीच दिसत नाही, आणि म्हणूनच ‘चालतंय की’ म्हणून तो कोडमध्ये वर्षानुवर्षं राहतो. माझं मत स्पष्ट आहे: मजकुराच्या भागावर प्रकार आणि यूटीएफ-८ लिहिल्याशिवाय ईमेल लायब्ररीने संदेश पाठवूच नये. बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम आणलं ते फोटो आणि आवाजासाठी, तसंच आस्कीबाहेरच्या भाषांसाठीही. रकाना रिकामा सोडणं म्हणजे त्याआधीच्या काळात परत जाणं.

ब्राउझरमधून फेच आणि फॉर्मडेटा वापरत असाल तर मात्र बाहेरच्या खोक्याची चिठ्ठी हाताने लिहू नका. सीमारेषा ब्राउझर ठरवतो. तुम्ही नुसतं मल्टिपार्ट लिहिलंत की ती चिठ्ठीत येत नाही आणि सर्व्हरला डबे वेगळे करता येत नाहीत. (यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.) आतल्या जेसन भागाला मात्र ब्लॉब करून प्रकार जरूर द्या. आणि सर्व्हरवर आलेल्या चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. फोटोची चिठ्ठी कोणीही कशावरही चिकटवू शकतो.

अंकात शेवटी काकूंनी पहिल्यांदा पाठवलेलाच मजकूर छापला. सगळे बाइट शाबूत होते. काकूंना मी फोन करून सांगितलं, तर म्हणाल्या, “अरे, तिसऱ्या वेळी मी शेवट बदलला होता!”