फ्रीजर सोल्यांसाठी

थंडीत सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात तुरीच्या शेंगांचे ढीग लागले, की आमच्याकडे फ्रीजरच्या जागेवरून खडाजंगी सुरू होते. बहुतेक घरांत ती जागा वाटाण्याला मिळते. मला हे पटत नाही. गोठवलेला वाटाणा कोपऱ्यावरच्या दुकानात बाराही महिने मिळतो, मग त्यानं घरचा फ्रीजर कशाला अडवायचा? मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर तुरीचे ओले सोले विकायला कुणी बसत नाही. तेव्हा सोलेभात खायचा, तर सोय आत्ताच करायची.

शेंग टम्म भरलेली, पण हिरवी बघून घ्यावी. पिवळी पडू लागली की आतला दाणा वरणाच्या वाटेला लागलेला असतो. सोलायला मात्र अख्खं घर बसवायचं, आणि पोरांनी किती कच्चे खाल्ले ते विचारायचं नाही.

"उकळत्या पाण्यात कशाला घालतेस? तसेच भर की पिशवीत," सासूबाई दरवर्षी म्हणतात. पंधरा-वीस दिवसांसाठी त्यांचं बरोबर आहे. पुढे रंग उतरतो, वासही गवतासारखा येऊ लागतो. दाण्यातली एन्झाइम्स थंडीनं मंदावतात, पण थांबत नाहीत. ती मोडायला उकळीच लागते. वाटाण्याला दीड मिनिट पुरतं, तूर जरा टणक म्हणून मी दोन देते. लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ, नाहीतर दाणे आतल्या आत शिजत राहतात. मग सुती कापडावर कोरडे करायचे, ताटात एकेरी थर पसरून गोठवायचे आणि कडक झाल्यावरच, हवा काढून, एका वेळेपुरते पिशव्यांत भरायचे.

एकेरी थराचा हट्ट उगाच नाही. हळू गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाडतात आणि दाणा लिबलिबीत होतो. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसानं लॅब्राडोरच्या कडाक्यात मासे बघता बघता गोठताना पाहिले, त्यावरून झटपट गोठवण्याचं यंत्र बसवलं, आणि १९३० साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचा गोठवलेला माल विकायला आला. वाटाणाही होता त्यात!

उणे १८ अंशांवर सोले पुढच्या हंगामापर्यंत राहतात. वीज गेली तर दार उघडून बघत बसू नये. वापरताना वितळवायची गरज नाही, सरळ फोडणीत टाकावेत. कचोरीच्या सारणासाठी तेवढे आधी निथळून घ्यावेत.

सगळंच मात्र गोठवू नये. हरभऱ्याची भाजी वाळवूनच ठेवावी. वाळल्यावर तिला जी चव येते ती फ्रीजर देऊ शकत नाही. काकडी, मुळा तर पाणीच सोडतात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून गोठवलेला आमटीत खपून जातो, पण सांबारवडीला तो मऊ पडलेला पाला काय कामाचा? त्यासाठी ताज्या जुड्याच आणाव्यात, भाव कितीही चढलेला असो.