पाच हजार माणसांमागे एक शाळा

सकाळी पावणेसातला नेरूळ, कोपरखैरणे किंवा खारघरमधल्या एखाद्या शाळेच्या गल्लीत उभे राहून पाहावे. पिवळ्या बस एकामागून एक वळतात, त्यांच्यामागे व्हॅन आणि रिक्षा, मधूनच दुचाकीवर पुढे दप्तर आणि मागे मूल घेऊन निघालेले आईबाप. कोपऱ्यावरच्या सोसायटीतला रहिवासी कामावर जायला गाडी काढतो आणि फाटकातच अडकतो. दुपारी सत्र बदलताना हेच पुन्हा. त्यामुळे शेजारच्या मोकळ्या भूखंडाभोवती पत्रे ठोकले गेले आणि नव्या शाळेचा फलक लागला, की सोसायट्यांच्या बैठका भरतात आणि नगररचना विभागाकडे अर्ज जातात. अर्जांचा आशय बहुधा एकच असतो: शाळेला विरोध नाही, पण ती इथे नको.

या अर्जदारांना स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. त्यांची तक्रार खरी आहे, पण ती फार उशिरा येते. त्या भूखंडावर शाळा व्हायची हे त्यांनी घर घेण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते, आणि ते ठरत असताना त्यांना कोणी विचारलेले नसते. नवी मुंबईत असे का झाले, हे समजायला शहराच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

1965 साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी नवनगर उभारण्याची जबाबदारी तिच्याकडे आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावे, सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्र आणि 20 लाख माणसांची वस्ती, असा तो आवाका होता. या शहरासाठी सिडकोच्या नियोजकांनी शाळांचा एक हिशेब बांधला. 5,000 लोकवस्तीमागे एक प्राथमिक शाळा, 12,500 मागे एक माध्यमिक शाळा, 50,000 मागे एक महाविद्यालय.

या हिशेबाकडे जरा निरखून पाहायला हवे, कारण त्यात एक मूल दडलेले आहे. पाच हजार माणसे म्हणजे त्या काळच्या कुटुंबांच्या मानाने हजारएक घरे. एवढी घरे जेवढ्या जागेत मावतात, तेवढ्या जागेच्या मधोमध शाळा ठेवली, तर कुठल्याही घरातले सहा वर्षांचे मूल पाच-दहा मिनिटांत चालत पोचते आणि त्याला मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. हा विचार 1929 साली न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी लिहिताना क्लॅरेन्स पेरी यांनी नीट मांडला होता. मोटारी वाढू लागल्या होत्या. रहदारीचे रस्ते वस्तीच्या कडेने न्यावेत, मध्ये शाळा असावी आणि तिच्याभोवती पाव मैलाच्या आसपास घरे असावीत, असे त्यांचे म्हणणे. चंदीगडच्या सेक्टरांमागे हाच विचार होता आणि वाशीच्या सेक्टरांमागेही.

मुंबईतल्या मराठी कुटुंबांना हे चित्र अनोळखी नव्हते. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये नेमलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचे प्लॉट आखले आणि त्या वस्तीत पुढे शाळांची रांगच लागली. हिंदू कॉलनीतली किंग जॉर्ज, म्हणजे आजचे राजा शिवाजी विद्यालय, आणि शिवाजी पार्कला दादासाहेब रेगे यांनी 1940 साली सुरू केलेले बालमोहन. तिथली मुले चालत शाळेत जात आणि मधल्या सुट्टीत घरी जाऊन जेवून येत. खाडी ओलांडून वाशीला आलेल्या कित्येक घरांनी हेच बालपण आपल्या मुलांसाठी मनात धरले होते.

जुन्या मुंबईला जे कधी जमले नाही, ते नवी मुंबईला जमण्याजोगे होते. आपल्याकडे नगररचनेचा कायदा 1915 पासून आहे. 1954 च्या कायद्याने विकास आराखडा बंधनकारक केला आणि 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने त्याला आजचे रूप दिले. तरी बहुतेक शहरांत शाळेचे आरक्षण नकाशावरच पडून राहते, कारण खालची जमीन दुसऱ्याची असते. संपादनाला पैसे नसतात. दहा वर्षे उलटली की मालक कलम 127 खाली नोटीस देतो, ठरल्या मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण व्यपगत होते आणि शाळेच्या जागी इमारत उभी राहते. नवी मुंबईत मात्र जवळजवळ सगळी जमीन एका हाती. सिडको मालक, सिडकोच नियोजक आणि सिडकोच वाटप करणारी. शाळेसाठी एक गुंठाही कोणाकडे मागायचा नव्हता.

ती जमीन कोणाची होती, हे इथे सांगितलेच पाहिजे. शेती, मिठागरे आणि खाडीवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावांची ती जमीन. भावासाठी आणि विकसित जमिनीतल्या वाट्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. विकसित जमिनीतल्या वाट्याची साडेबारा टक्क्यांची योजना त्यानंतर आली. सेक्टरमधल्या शाळेच्या भूखंडाला सामाजिक सुविधा म्हणताना त्या सुविधेची पहिली किंमत कोणी मोजली, हे आज तिथे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता सुनावणीचा मुद्दा. सिडकोच्या विकास आराखड्याला शासनाची मंजुरी 1979 मध्ये मिळाली आणि 1 मार्च 1980 पासून तो अमलात आला. कायद्यानुसार हरकती मागवण्याचा टप्पा त्याआधीच होऊन गेला होता. त्या वेळी इथे कोण होते? पुढे वाशी-नेरूळच्या घरांत राहायला येणारी बहुतेक माणसे अजून गिरगावात, परळला, डोंबिवलीत होती. गावकरी होते, पण त्यांचे भांडण जमीन जाण्याचे होते; भावी सेक्टरातली शाळा रस्त्याच्या अलीकडे असावी की पलीकडे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता. शिवाय मंजूर झालेला आराखडा ढोबळ होता: निवासी विभाग कुठे, औद्योगिक कुठे, मोठे रस्ते आणि रेल्वे कुठून. कुठल्या सेक्टरात कुठल्या क्रमांकाचा भूखंड शाळेचा, हे ठरले नोडच्या, म्हणजे शहराच्या एकेका भागाच्या, तपशीलवार नकाशात, आणि तो नकाशा सिडकोच्या कार्यालयातच बनला. भूखंडाचा वापर लिहिला गेला भाडेपट्टा करारात. करार दोघांत, पट्टा देणारी सिडको आणि घेणारी संस्था. शेजारी तिसरा, आणि त्याची सही कुठेच लागत नाही.

इतर शहरांत मंजूर आराखड्यातला वापर बदलायचा तर कलम 37 ची वाट धरावी लागते. राजपत्रात सूचना, वर्तमानपत्रात जाहिरात, हरकती, सुनावणी, मग शासनाची मान्यता. ती वाट लांब आणि कटकटीची आहे, तिच्यातही पळवाटा निघतात. पण निदान माणसाला उठून बोलायला एक दिवस मिळतो. जमीन एका हाती असल्याने नवी मुंबईत काम झपाट्याने झाले आणि हा बोलण्याचा दिवस त्या झपाट्यात राहून गेला.

त्याहून मोठे काही निसटले असेल, तर ते शाळा आणि वस्ती यांच्यातले नाते. भूखंड आखला चालत येणाऱ्या मुलांसाठी. तो गेला शिक्षणसंस्थेला, आणि तिच्या वर्गात कोण बसणार ते संस्थेने ठरवायचे. चांगली इंग्रजी शाळा म्हटली की ऐरोलीचे मूल नेरूळला आणि पनवेलचे वाशीला येते. आईबापांना दोष देता येत नाही, मुलाचे भले पाहणे हे त्यांचे कामच आहे. परिणाम मात्र असा, की पाच हजार वस्तीच्या हिशेबाने आखलेल्या अरुंद गल्लीत अख्ख्या शहराच्या बस शिरतात, आणि समोरच्या सोसायटीतले मूल त्याच वेळी दुसऱ्या बसमध्ये बसून दुसऱ्या नोडकडे निघालेले असते. रहिवाशांच्या रागाचे मूळ आम्हाला इथे दिसते. हॉर्न आणि धूर सोसतील ते, पण ज्या शाळेसाठी सोसायचे ती त्यांच्या वस्तीची राहिलेली नाही.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शेजारची शाळा हा शब्द पुन्हा आणला. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर, असे अंतर आहे. खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने नियम बदलले आणि ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तिला या पंचवीस टक्क्यांतून सूट दिली. जे अंतर मुलाला शाळेजवळ आणण्यासाठी होते, तेच त्याला शेजारच्या शाळेबाहेर ठेवायला वापरले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये हा बदल रद्द केला, हे फार बरे झाले.

नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार 1 जानेवारी 1992 पासून सुरू झाला. गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळा तिच्याकडे आल्या आणि तिने त्या वाढवल्या, त्याचे श्रेय तिला द्यायला हवे. पण जमीन सिडकोकडेच राहिली. महापालिकेचा स्वतःचा प्रारूप विकास आराखडा लोकांसमोर हरकतींसाठी आला तो 2022 मध्ये, तीस वर्षांनी. हजारो हरकती आल्या. ज्या भूखंडांवर महापालिका सार्वजनिक सोयींची आरक्षणे टाकू पाहत होती, त्यांतले कित्येक सिडको विक्रीला काढत होती आणि दोन सरकारी यंत्रणा एकाच नकाशावर एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. तिसरी यंत्रणा एमआयडीसी. दिघा, तुर्भे स्टोअर अशा औद्योगिक पट्ट्यातल्या वस्त्यांत शाळेची गरज सर्वांत जास्त, पण त्या वस्त्या कुठल्याच नियोजकाच्या हिशेबात नव्हत्या, म्हणून तिथे त्यांच्या मुलांसाठी भूखंडही कोणी राखला नव्हता. ज्या सेक्टरात नव्या शाळेवरून वाद होतो तिथे निदान वाद घालायला जागा तरी आहे.

घणसोलीचे प्रकरण इथे आठवते. 2003 मध्ये तिथली 20 एकर जागा शासकीय क्रीडा संकुलासाठी राखली गेली. 2016 मध्ये सिडकोने तिचा काही भाग बांधकाम व्यावसायिकाला दिला आणि 2021 मध्ये राज्याने संकुलच रायगडातल्या माणगाव तालुक्यात हलवायचे ठरवले. इथल्या मुलांनी खेळायला तिकडे जायचे! उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो निर्णयही रद्द केला. शाळेसाठी राखलेली जागा शेजाऱ्यांना गर्दी नको म्हणून सोडून द्या म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा. शाळा नको असे लिहून दिलेल्या भूखंडावर बाग होईल, याची हमी कोणीच देत नाही. या शहरात मोकळ्या जागेचा भाव सर्वांना ठाऊक आहे.

म्हणूनच आमचे मत स्पष्ट आहे. निवासी वस्तीत शाळा असलीच पाहिजे, तिची जागा तिथेच आहे. पण परवानगी नुसत्या इमारतीच्या नकाशाला मिळू नये. मुले कुठून येणार, किती पायी आणि किती बसने, बस थांबणार भूखंडाच्या आत की रस्त्यावर, दोन सत्रांच्या मध्ये किती वेळ, मैदान संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना खुले राहणार का, हे सगळे बांधकाम परवानगीच्या अटींत लिहिले जावे आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना तपासले जावे. सवलतीच्या दराने भूखंड घेतलेल्या संस्थेवर चालत येऊ शकणाऱ्या मुलांना आधी प्रवेश देण्याचे बंधन भाडेपट्ट्यातच असावे. असे बंधन पूर्वीच असते, तर आजच्या निम्म्या भांडणांना कारणच उरले नसते असे आम्हाला वाटते.

हे आत्ताच करायला हवे, कारण वाशीच्या जुन्या सेक्टरांचा हिशेब पुन्हा मांडला जातो आहे. सिडकोने बांधलेल्या जेएन-1, जेएन-2 प्रकारच्या मोडकळीस आलेल्या इमारतींच्या पुनर्विकासाला 2015 मध्ये अडीच चटईक्षेत्र निर्देशांक मंजूर झाला आणि चार मजल्यांच्या जागी मनोरे येऊ लागले. घरे वाढतील, त्या घरांत मुले असतील, आणि शाळेचा भूखंड मात्र 1970 च्या दशकात आखला तेवढाच राहील. पाण्याचा, मलनिस्सारणाचा आणि वाहनतळाचा दाखला प्रत्येक पुनर्विकासाला लागतो. या इमारतीतली मुले कुठल्या शाळेत बसणार, असा एकही दाखला कोणी मागत नाही. तो मागितला जावा. आणि शाळेसाठी राखलेल्या जागेचा वापर ठरवायचा किंवा बदलायचा असेल, तेव्हा त्याची सूचना राजपत्राबरोबर त्या भूखंडाच्या कुंपणावर लागावी, ठळक मराठीत, शेजारच्या आजोबांना चष्मा न लावता वाचता येईल अशी. सुनावणी बेलापूरच्या मुख्यालयात कामाच्या दिवशी सकाळी ठेवू नये. ती रविवारी त्याच वस्तीतल्या शाळेच्या वर्गात घ्यावी, बाकांवर शेजारी बसलेले असावेत आणि फळ्यावर भूखंडाचा नकाशा लावलेला असावा.